स्थलांतरितांचे मातृभाषा-शिक्षण

स्थलांतरितांचे मातृभाषा-शिक्षण : उपजीविकेसाठी स्वतःचा भाषिक प्रदेश सोडून अन्यत्र राहणाऱ्या कुटुंबांतील मुलांना त्यांच्या मूळ भाषेतून शिक्षण देण्याची व्यवस्था. स्थलांतर तात्पुरते आहे की कायमचे आणि घरची व शाळेची भाषा एकच आहे की भिन्न, यांवर तिचे स्वरूप व यश अवलंबून असते.

परदेशस्थ जपानी मुलांच्या शाळा हे या व्यवस्थेचे सुसंघटित उदाहरण होय. त्यांचे मुख्य प्रकार दोन. ‘निहोन्जिन गाक्को’ या पूर्णवेळ शाळेत जपानी शिक्षण मंत्रालयाच्या अभ्यासक्रमानुसार जपानीतून अध्यापन होते. ‘होशू जुग्यो को’ ही पूरक शाळा स्थानिक वा आंतरराष्ट्रीय शाळांत जाणाऱ्या मुलांसाठी बहुधा शनिवारी भरते. दुसऱ्या महायुद्धानंतरची पहिली पूर्णवेळ शाळा बँकॉक येथे १९५६ मध्ये निघाली. भारतात नवी दिल्ली (१९६४) व मुंबई येथे अशा शाळा स्थापन झाल्या. काही वर्षांनी मायदेशी परतणाऱ्या मुलास तेथील वर्गात सहज सामावून जाता यावे, हा त्यांचा प्रधान हेतू असतो.

भारतात हा प्रश्न देशांतर्गत स्थलांतरामुळेही उद्भवतो. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी पुरविण्याचा निर्देश संविधानाच्या ३५० क या अनुच्छेदात असून तो १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झाला.

खानदेश व सुरत यांचा संबंध या दृष्टीने उद्‌बोधक आहे. जळगाव, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार ही स्थानके सुरतेस जोडणाऱ्या तापी खोऱ्यातील लोहमार्गाने खानदेशातील असंख्य कुटुंबे सुरतेच्या यंत्रमाग व कापडप्रक्रिया उद्योगांत गेली आणि उधना, लिंबायत या भागांत स्थिरावली. १९६० मध्ये मुंबई राज्याचे विभाजन होऊन दोन प्रदेशांमध्ये राज्यसीमा आली. सुरत महानगरपालिकेने गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू इ. माध्यमांच्या प्राथमिक शाळा चालविल्या, ही लक्षणीय गोष्ट होय.

तथापि जपानी शाळेहून ही परिस्थिती भिन्न आहे. येथील अनेक मुलांची घरची भाषा प्रमाण मराठी नसून अहिराणी असते. २०११ च्या जनगणनेत खानदेशी भाषिकांची संख्या सु. १८.६ लक्ष असून त्यांत अहिराणी भाषिक बहुसंख्य आहेत. ग्रीअर्सन यांनी भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात (भाग ३, १९०७) खानदेशीचा विचार भिल्ली बोलींसमवेत केला आहे. अहिराणीतील ‘शे’ (आहे) हे क्रियापद आणि ‘ना’, ‘नी’ हे षष्ठीचे प्रत्यय गुजरातीतील ‘छे’, ‘नो’, ‘नी’ यांच्या जवळचे आहेत. त्यामुळे मुलास घरी अहिराणी, शाळेत मराठी व बाजारात गुजराती अशा तीन भाषांत वावरावे लागते आणि कायद्याच्या दृष्टीने ‘मातृभाषेतील’ ठरणारे शिक्षण प्रत्यक्षात त्याच्या दुसऱ्या भाषेतील असते. शिवाय कुटुंब सुरतेतच स्थायिक झाल्यास पुढील शिक्षण व नोकरी यांसाठी गुजराती अथवा इंग्रजी आवश्यक ठरते. गुजरात शासनाने २०२३ च्या अधिनियमान्वये पहिली ते आठवीपर्यंत सर्व माध्यमांच्या शाळांत गुजराती हा विषय अनिवार्य केला.

हंगामी स्थलांतरितांची स्थिती अधिक बिकट असते. धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील भिल्ल, मावची इ. समाजांतील ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास दक्षिण गुजरातेतील साखर कारखान्यांच्या क्षेत्रात जातात व उन्हाळ्यात परततात. शालेय वर्षाचा मोठा भाग फडावर गेल्याने मुलांचे शिक्षण दोन्हीकडे खंडित होते. शाळा बदलण्याचा हक्क २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने दिला असला, तरी निम्म्या वर्षापुरते माध्यम बदलणे लहान मुलास जवळजवळ अशक्य असते.

सारांश, जपानी शाळांचे यश मातृभाषेच्या वापराइतकेच निश्चित परतीवर, समान अभ्यासक्रमावर व शासकीय पाठबळावर आधारलेले आहे. जेथे परत येणे अनिश्चित असते, तेथे घरच्या बोलीतून आरंभ करून शाळेच्या भाषेकडे व तेथून स्थानिक भाषेकडे क्रमाने नेणारे शिक्षणच उपयुक्त ठरते. अहिराणीस प्राथमिक वर्गात साहाय्यक भाषेचे स्थान देणे, ही त्या दिशेची पहिली पायरी होय.