दाबाचा निरोप



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो संपावर नाहीतर महागाईभत्त्यावर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज मी बोलणार आहे ते अंगठ्याएवढ्या एका पितळी वस्तूवर. टर्बो बसवलेल्या मोटारीत इंजिनाला मिळणाऱ्या हवेचा दाब हाताने कमीजास्त करण्याचे ते साधन आहे. त्याला बूस्ट कंट्रोलर म्हणतात. आपण त्याला नुसते नियंत्रक म्हणू. मी इंजिनियर नव्हे. ही वस्तू मला शिकावी लागली ती एका तंट्यामुळे.

गोष्ट काही वर्षांपूर्वीची. आमच्या युनियनचा सभासद असलेला एक मिस्त्री एका गॅरेजात कामाला होता. एका गिऱ्हाइकाच्या मोटारीवर त्याने हा नियंत्रक बसवला. गिऱ्हाईक म्हणाले, "मिस्त्री, अजून थोडा फिरवा की." मालक म्हणाले, "फिरव रे, पैसे ते देताहेत." मिस्त्रीने स्क्रू आणखी दोन फेरे आत घेतला. पंधरवड्याच्या आत इंजिनातला एक पिस्टन वितळून त्याला भोक पडले, आणि नुकसान मिस्त्रीच्या पगारातून कापावयाचे ठरले. बोलणी करावयास जाण्यापूर्वी आपण कशाबद्दल भांडतो आहोत ते तरी कळावे, म्हणून मी त्या मिस्त्रीपाशीच स्टूल ओढून बसलो. त्याच्याकडून आणि पुढे पुस्तकांतून जे उमगले, ते आपणांपुढे ठेवतो.

इंजिनाची ताकद पेट्रोलात असते असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे. पेट्रोल जळावयास हवा लागते, आणि तीही भरपूर. एक किलो पेट्रोल पुरते जाळावयाचे तर सुमारे १४.७ किलो हवा हवी. साधे इंजिन आपल्या श्वासाने जेवढी हवा ओढील तेवढीच त्याला मिळते. टर्बोचार्जर म्हणजे इंजिनाच्या नाकाशी लावलेला लोहाराचा भाता. तो हवा दाबून आत कोंबतो; हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, आणि पेट्रोल जास्त म्हणून जोर जास्त. लोहाराचा भाता ओढावयास माणूस लागतो. येथे ते काम इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूरच करतो. धुराच्या वाटेवर एक चक्र, हवेच्या वाटेवर दुसरे, आणि दोन्ही एकाच दांड्यावर बसवलेली. मोटारीच्या टर्बोत हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनियराने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. विक्रीच्या मोटारींत ती आली ती १९६२ साली, अमेरिकेत.

आता यातली मेख पाहा. धूर जास्त झाला की चक्र जोरात फिरते, चक्र जोरात फिरले की हवा जास्त जाते, हवा जास्त गेली की धूर आणखी वाढतो. हे चक्र स्वतःहून थांबणारे नाही. म्हणून धुराला चक्राला वळसा घालून निघून जाण्यासाठी एक आडवाट ठेवलेली असते. तिच्यावर झडप असते, तिला वेस्टगेट म्हणतात. झडप उघडली की थोडा धूर परभारे जातो आणि चक्राचा वेग आवरतो.

पण झडपेने उघडावे केव्हा? त्यासाठी टर्बोजवळ डबीसारखा एक भाग असतो, त्याला ॲक्च्युएटर म्हणतात. डबीत एक रबरी पडदा आणि त्याला रेटून धरणारी स्प्रिंग असते; पडद्याला जोडलेली सळई झडपेपर्यंत जाते. हवा दाबणाऱ्या बाजूपासून एक बारीक नळी या डबीत येते. समजा, स्प्रिंग अर्ध्या बारची आहे. (एक बार म्हणजे टायरवाल्याच्या भाषेत सुमारे साडेचौदा पौंड.) दाब अर्ध्या बारवर पोचला की पडदा हलतो, सळई सरकते, झडप उघडते. ती बारीक नळी म्हणजे निरोप्या आहे. "आता पुरे," एवढाच निरोप ती पोचवते.

आपला नियंत्रक या निरोप्याच्या वाटेत बसतो. त्याच्या पोटात एक छर्रा आणि स्प्रिंग असते. स्प्रिंग छर्ऱ्याला येणाऱ्या नळीच्या तोंडावर दाबून धरते. हवेचा दाब त्या स्प्रिंगला हरवीपर्यंत निरोप पुढे जातच नाही. तोवर झडप बंद, आणि दाब अर्ध्याचा पाऊण बार होतो. स्क्रू आत घ्यावा तशी स्प्रिंग घट्ट होते आणि निरोप उशिरा पोचतो. दुसऱ्या एका जातीचा नियंत्रक नळीतली थोडी हवा बाहेर सोडून देतो. पहिला निरोप अडवतो, दुसरा तो पातळ करतो. दोहोंपैकी एकही स्वतः कवडीची ताकद निर्माण करीत नाही. आणि दोहोंपैकी कोणालाही डबीतल्या मूळ स्प्रिंगपेक्षा खाली दाब आणता येत नाही. वाढवता मात्र येतो.

बसवण्याचे काम अर्ध्या तासाचे. इंजिन गार असावे. प्रथम नियंत्रकाशिवाय गाडीचा मूळ दाब किती ते मोजून लिहून ठेवावे. त्यासाठी दाबाचे गेज लागते. त्याची नळी इंजिनात हवा शिरते त्या मॅनिफोल्डवरून, टी-जोड घालून घ्यावी. गेज नसेल तर पुढचे कामच करू नये. मग टर्बोपासून डबीकडे जाणारी नळी काढावी. टर्बोकडची नळी नियंत्रकाच्या आत येणाऱ्या तोंडाला, डबीकडची बाहेर जाणाऱ्या तोंडाला. त्यावर बाण असतो, तो पाहावा. उलटा बसला तर हवा छर्ऱ्याला त्याच्या बैठकीवर अधिकच रेटते, निरोप मुळीच पोचत नाही, आणि दाब बेलगाम चढतो. नळी निसटली तरी तेच. म्हणून प्रत्येक तोंडाला क्लिप हवी, नळीला मुरड नको, आणि धुराच्या तापलेल्या नळकांड्यापासून ती दूर बांधलेली हवी. नियंत्रकाच्या डबीकडच्या अंगाला सुईएवढे भोक असते. पाय उचलल्यावर नळीत अडकलेली हवा त्यातून निघून जाते आणि झडप मिटते. कचरा समजून ते कोणी बुजवू नये.

जुळणी करताना स्क्रू पुरता बाहेर घेऊन सुरुवात करावी. इंजिन नीट तापू द्यावे. रोलरवर गाडी चालवून पाहावयाची सोय असेल तर उत्तम. नसेल तर वाहतुकीला बंद असलेला मोकळा रस्ता आणि दोन माणसे हवीत. एकाने चालवावे, दुसऱ्याने काट्यावर नजर ठेवावी. वरच्या गिअरमध्ये कमी वेगापासून पाय पुरता दाबून काटा कोठवर जातो ते पाहावे व लगेच पाय उचलावा. काटा आधी उसळतो आणि मग थोडा खाली येऊन थांबतो. हिशेबात उसळी धरावी. इंजिनाला उसळीही सोसावी लागते. मग पाव फेरा, पुन्हा फेरफटका, पुन्हा नोंद. ठरलेला आकडा आला की चेकनट आवळावा आणि त्यावर रंगाचा ठिपका द्यावा, म्हणजे कोणी नंतर हात लावला तर कळते. मे महिन्यात जुळवलेला स्क्रू डिसेंबरात तोच दाब देईल असे नाही. ऋतू पालटला की पुन्हा तपासावे.

ठरलेला आकडा म्हणजे कोणता? सारा तंटा येथेच आहे. हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारणाऱ्या प्रत्येक मुलाला हे ठाऊक आहे. ३० अंशांची हवा अर्धा बार जादा दाबली तर टर्बोतून सुमारे ८० अंशांवर निघते. एक बार जादा दाबली तर १२० च्या वर जाते. इंटरकूलर तिला थोडी निववतो, पण सगळी उष्णता काढून घेत नाही. अशी तप्त व दाट हवा सिलिंडरात गेली म्हणजे ठिणगीची ज्योत पोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकते. पिस्टनवर हातोडा बसावा तसा आवाज येतो. मिस्त्री म्हणतात, इंजिन नॉक करते. त्यात वाढलेल्या हवेच्या प्रमाणात पेट्रोल पुरले नाही तर ज्वलन अधिकच तापते. पूर्ण दाबाखाली मिश्रण मुद्दाम पेट्रोलाने गडद, म्हणजे बारा किलो हवेला एक किलो किंवा त्याहून थोडे जास्त, असे ठेवतात ते याचसाठी. स्क्रू फिरवून हवा वाढते. जुन्या साध्या गाडीत पेट्रोल आपोआप वाढेलच असे नाही. आमच्या मिस्त्रीचा पिस्टन असाच गेला.

हे संकट जुने आहे. १९६२ च्या ओल्ड्समोबील जेटफायरमध्ये नॉक टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण सिलिंडरात सोडीत. त्याची टाकी भरावयास मालक विसरत, म्हणून ती रिकामी झाली की दाब आपोआप कमी करण्याची योजना त्या गाडीत होती. पुढे स्वीडनमध्ये साब कंपनीने १९७७ साली ९९ टर्बो ही गाडी पुढे आणली आणि रोजच्या वापराच्या गाडीत टर्बो नांदू शकतो हे दाखवले. त्याच कंपनीने १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत जी युक्ती केली ती मला सर्वांत आवडते. पेर गिलब्रांड हे तेथील इंजिनियर. त्यांच्या योजनेत इंजिनाच्या ठोकळ्यावरच एक कान बसवलेला होता. नॉकची पहिली चाहूल लागली की तो कान ऐकतो, आणि विजेची झडप डबीला निरोप लवकर पोचवून दाब उतरवते. पेट्रोल चांगले मिळाले तर दाब वर, हलके मिळाले तर खाली.

आजच्या बहुतेक टर्बो गाड्यांत हेच काम संगणक करतो. अशा गाडीत हाताचा नियंत्रक घुसडला तर दोघांची ओढाताण होते. दाब अपेक्षेबाहेर गेला असे पाहून संगणक पेट्रोल तोडतो किंवा गाडी रांगत चालवतो. हाताचा नियंत्रक शोभतो तो साध्या नळीवर चालणाऱ्या जुन्या गाडीला, आणि तोही पेट्रोलाची तरतूद आधी करून. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ याचे ५२ वे कलम वाहनात केलेल्या बदलांविषयीचे आहे, ते गिऱ्हाइकाने आणि गॅरेजवाल्याने दोघांनीही वाचावे.

मला यात जुनीच एक गोष्ट दिसली. आगगाडीच्या बाष्पकांत जादा वाफ सोडून देणारी झडप असे, आणि ती आवळून दाब वाढवण्याची खोड इंजिनावरच्या माणसांना लागली होती. जॉन रॅम्सबॉटम यांनी १८५५ च्या सुमारास अशी झडप बनवली की जी आवळताच येऊ नये. झडप आवळणारा मूर्ख असतो असे नाही. गाडी वेळेवर न्यावी असा तगादा त्याच्या पाठीशी असतो. निरोप अडवणारा हात एकाचा असतो, आणि तो अडवावयास लावणारी जीभ दुसऱ्याची.

बोलण्यांच्या वेळी मी मालकांना दोनच गोष्टी विचारल्या. स्क्रू फिरवला तेव्हा गेज लावले होते काय? आणि फिरवावयास कोणी सांगितले? गेज नव्हते, सांगणारे समोरच बसले होते. त्या वेळी लागू असलेल्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याप्रमाणे नुकसानीची कपात करावयाची तर ते कामगाराच्या हयगयीतूनच झालेले असावे लागे आणि त्याला आपले म्हणणे मांडू द्यावे लागे. कपात रद्द झाली. मात्र मिस्त्रीलाही मी सुनावले, "गेज नसताना तुझा हात पान्याकडे गेलाच कसा?" तो म्हणाला, "भाऊ, नाही म्हणावयाची सवय नाही."

त्यानंतर त्या गॅरेजात एक रीत पडली. गेजाशिवाय स्क्रूला हात लावावयाचा नाही. मूळ दाब आणि नवा दाब जॉबकार्डावर लिहावयाचा. आणि जादा दाब मागणाऱ्याची त्याखाली सही घ्यावयाची. सही मागताच निम्मी गिऱ्हाइके "आहे ते ठीक आहे" म्हणून परत जातात, असे मिस्त्री मला हसून सांगतो. बाकीच्यांचे काम तो मन लावून करतो, पाव पाव फेऱ्याने, काट्यावर नजर ठेवून.