दोन पावसाळे गप्प राहिलेलं इंजिन

कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. हर्णै असो की सातपाटी, नौका वर ओढून शाकारून ठेवतात आणि ऑगस्टात पुन्हा पाण्यात लोटतात. एखादी मात्र तशीच राहून जाते. खलाशी मिळत नाहीत, कर्ज थकतं, भावाभावांत वाटणी होते, आणि ताडपत्रीखालचं डिझेल इंजिन दुसरा पावसाळाही तिथेच काढतं. असं इंजिन लोक फार लवकर भंगारात घालतात, याचं मला वाईट वाटतं. बहुतेकदा इंजिन मेलेलं नसतंच. खराब झालेलं असतं ते भोवतालचं डिझेल, रबर आणि वायरिंग.

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला चाचणीत उतरलं. तत्त्व आजही तेच आहे. ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा पंधरा-वीस पट दाबली की ती इतकी तापते, की फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. दाब टिकून असेल आणि स्वच्छ डिझेल वेळेवर पोचलं, तर इंजिनाला चालावंच लागतं.

म्हणून जाणता मिस्त्री पहिल्या दिवशी स्टार्टरला हात लावत नाही. सायलेन्सरच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड. मिस्त्री आधी डिपस्टिक काढतो. ऑईल दुधाळ दिसलं तर आत पाणी आहे. मग सगळी नोझल उतरवून त्या भोकांतून पातळ तेल सोडतो आणि थांबतो, रात्रभर, कधी आठवडाभरही. ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, तिथे खारी हवा जाऊन रिंगा लायनरला गंजाने चिकटलेल्या असतात. पुढचं काम हाताचं. क्रँकच्या बोल्टला लांब पाना लावून किंचित पुढे, किंचित मागे. जोर केला की रिंग तुटते. लोखंड सुटू लागल्याचं पान्यातून हाताला कळतं, आणि ते कळणारा माणूस बंदरावर मोलाचा असतो.

टाकीचं काम किळसवाणं, पण ते टाळून चालत नाही. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. दोन्हींच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून काळा गाळ धरतो. नुसता फिल्टर बदलला तर नौका लाटांवर हलताच हा गाळ ढवळून नवा फिल्टरही पुन्हा तुंबतो, तोही भर समुद्रात. टाकी पूर्ण रिकामी करून आतून पुसावीच लागते. पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलरही बदलायचा. त्याची पाती तुटली असतील तर तुकडे कूलरच्या नळ्यांतून शोधून काढायचे.

मग लाइनमधली हवा काढायची. फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीच धरू नये. डिझेल कातडी भेदून आत जातं. जखम सुईच्या टोचणीएवढी दिसली तरी लगेच हॉस्पिटल गाठावं. ईथर फवारून इंजिन उठवण्याचा मोह तितकाच वाईट, त्याच्या दणक्याने रिंगा मोडतात. हवेच्या तोंडाशी एक फळी तयार ठेवावी. झिजलेलं इंजिन स्वतःचंच ऑईल ओढून जाळायला लागलं, तर डिझेल तोडूनही थांबत नाही. हवा कोंडावी लागते.

सुरू झाल्यावर पांढरा धूर येतो, तो तापल्यावर विरायला हवा. निळा राहिला तर ऑईल जळतंय. ऑईलचा दाब आणि बाजूने पडणारी पाण्याची धार पाहून अर्धा तास चालवावं, बंद करावं आणि गरम ऑईल लगेच काढून टाकावं. त्यात गंज आणि उरलंसुरलं पाणी येतं. शाफ्टच्या ग्लँडची दोरी तपासावी. पहिली फेरी खाडीतच मारावी, नांगर तयार ठेवून.