शिकवायचं नाही, एवढीच अट

पाच-सहा जण बाकं ओढून गोल करून बसलेले असतात. फळ्यापाशी कुणी नसतं. एकजण म्हणतो, "चेहऱ्याच्या नसांचा भाग मला तासालाच कळला नव्हता, परत सांगशील का?" ज्याला विचारलं त्याला उत्तर तोंडपाठ आहे, मागच्या वर्षी याच विषयात त्याला उत्तम गुण होते. तरी तो सांगत नाही. इतरांकडे बघून म्हणतो, "कुणी काय लिहून घेतलंय? वह्या काढा बघू." तीन वह्या उघडतात, तिन्हींत तीन वेगळी चित्रं निघतात आणि पुढचा बराच वेळ त्यातलं खरं कुठलं यावर खल चालतो. उत्तर येत असून तोंड मिटून बसायचं, हे या मुलाचं काम. त्याबद्दल विद्यापीठ त्याला पैसे देतं.

या पद्धतीला 'सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन' म्हणतात, तोंडी वापरात नुसतं 'एसआय'. तिचा जन्म अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी इथल्या शाखेतला. ही शाखा 1963 पर्यंत खासगी विद्यापीठ होती. सरकारी झाल्यावर तिथे येणाऱ्या मुलांचा थर बदलला, आणि शिक्षण अर्धवट सोडणाऱ्यांची संख्या डोळ्यांत भरू लागली. वैद्यकीय, दंतवैद्यकीय आणि औषधनिर्माण या शाखांत अल्पसंख्य समाजांतून आलेली मुलं गळत होती. 1972 मध्ये हा प्रश्न डीएना मार्टिन यांच्याकडे सोपवला गेला. मार्टिन तेव्हा वाचनशिक्षण या विषयात डॉक्टरेट करत होत्या. हाताशी स्थानिक न्यासांनी दिलेले 7,000 डॉलर होते. एवढ्या पैशांत प्रत्येक मुलाला वेगळा शिकवणीवाला देणं शक्यच नव्हतं. दिला असता तरी मूल त्याच्याकडे जातं ते नापास झाल्यावर, आणि तोवर उशीर झालेला असतो. पहिला प्रयोग 1973 मध्ये दंतवैद्यक महाविद्यालयातल्या शरीररचनाशास्त्राच्या विषयावर झाला.

मार्टिन यांची खरी करामत माझ्या मते वर्गात घडत नाही, ती त्याआधीच्या एका प्रशासकीय निर्णयात आहे. 'कच्चे विद्यार्थी कोण?' हा प्रश्नच त्यांनी बाजूला ठेवला आणि 'कच्चे विषय कुठले?' असं विचारलं. ज्या विषयात साधारण तीस टक्के किंवा त्याहून जास्त मुलं काठावर राहतात, नापास होतात किंवा मध्येच विषय सोडतात, तो विषय धोक्याचा धरायचा आणि त्याला अशी गटचर्चेची सत्रं जोडायची. मग हुशार-ढ असा भेद न करता सगळ्यांना दार उघडं. येणाऱ्याला कुणी 'तू का आलास?' म्हणत नाही, कारण अवघड विषय आहे हे विद्यापीठानंच जाहीर केलेलं असतं. आपल्याकडे महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या 'नॅक'च्या मूल्यांकनात बरीच वर्षं 'स्लो लर्नर' आणि 'ॲडव्हान्स्ड लर्नर' यांच्यासाठी काय केलं, हे लिहून द्यावं लागे. त्यासाठी याद्या होत. त्या यादीत नाव असलेला कुठला मुलगा जादा तासाला उत्साहानं जाईल?

व्यवस्था बाकी साधी. आदल्या वर्षी तो विषय चांगल्या गुणांनी पास झालेला विद्यार्थी 'लीडर' होतो. तो त्याच प्राध्यापकांच्या सगळ्या तासांना पुन्हा बसतो, वही काढून नव्यानं टिपणं घेतो. हा नियम ऐकायला खुळचट वाटतो, पण त्यानेच लीडर जमिनीवर राहतो: यंदा सरांनी काय सांगितलं, कुठे घाईनं पान उलटलं, हे त्याला त्याच दिवशी कळतं. आठवड्याला तीनेक सत्रं, तीही सेमिस्टरच्या आरंभापासून, परीक्षेच्या तोंडावर नव्हे. लीडर पेपर तपासत नाही, गुण देत नाही. सेमिस्टर सुरू होण्याआधी त्याला प्रशिक्षण मिळतं आणि नंतर एक पर्यवेक्षक अधूनमधून मागे येऊन बसतो. आणि ज्या प्राध्यापकाला हे नको असेल, त्याच्या विषयात ते लादायचं नाही.

प्रशिक्षणातला सगळ्यात जड धडा गप्प बसण्याचा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं सत्तरच्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. वीस वर्षांच्या मुलाला हे तीन सेकंद काढणं किती कठीण जात असेल! चारचौघांत उत्तर येत असताना ते न सांगणं, हे तर त्याच्या आजवरच्या सगळ्या शालेय यशाच्या उलट. म्हणून त्याला हातात धरायला काही युक्त्या दिलेल्या असतात. प्रश्न गटाकडे वळवायचा, खडू दुसऱ्याच्या हातात द्यायचा, तासाच्या टिपणांतले खड्डे एकमेकांच्या वह्यांवरून भरून घ्यायचे, परीक्षेत काय विचारतील ते मुलांनाच लिहायला लावायचं. पेपर परत मिळाला की कुठे आणि का चुकलं, त्यावर एक सत्र. मार्टिन वाचनाच्या अभ्यासक होत्या, हे इथे जाणवतं. जाडजूड पाठ्यपुस्तक वाचावं कसं, हे 'अभ्यासकौशल्य' नावाच्या वेगळ्या तासाला शिकवून अंगी लागत नाही. समोर शरीररचनेचं पुस्तक उघडं असतानाच ते शिकावं लागतं.

जवळपास त्याच काळात, हजारावर मैल दूर बर्कलीला, युरी ट्रायझमन हा गणिताचा संशोधक विद्यार्थी दुसऱ्या वाटेनं अशाच गटानं करायच्या अभ्यासापाशी पोचत होता. कृष्णवर्णीय मुलं कॅल्क्युलसमध्ये मागे का पडतात, याची सहकाऱ्यांनी दिलेली कारणं ठरलेली होती: इच्छा नाही, पाया कच्चा, घरून पाठिंबा नाही, गरिबी. ट्रायझमन यानं वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांच्या मागे राहून ते कसा अभ्यास करतात हे पाहिलं. एकही कारण टिकलं नाही. चिनी मुलं एकत्र बसत, एकमेकांची गणितं तपासत, जे कुणालाच सुटत नाही ते खरोखर अवघड आहे हे ओळखत. कृष्णवर्णीय मुलं भरपूर वेळ अभ्यास करत, पण एकेकटी. आपण अडलोय की गणितच भारी आहे, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. त्यानं सुरू केलेल्या कार्यशाळांत सोपी उजळणी नव्हती. तिथे तासापेक्षा अवघड गणितं दिली जात.

1981 मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं एसआयला आदर्श कार्यक्रम म्हणून मान्यता दिली आणि ते झपाट्यानं पसरलं. ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये 'पास' या नावानं, स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठाच्या पुढाकारानं. उपयोग होतो का? 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात सत्रांना येणाऱ्यांचे गुण सरासरीनं जास्त आणि नापासाचं प्रमाण कमी आढळलं. पण ही मुलं आपणहून आलेली असतात. जो आपल्या पायांनी येतो तो एरवीही दोन पानं जास्त वाचणारा असायची शक्यता मोठी. आधीचे गुण सारखे धरून तुलना करतात, तरी ही शंका पुरती फिटत नाही. आणि ज्याला सगळ्यात गरज आहे तो संध्याकाळी दुकानात कामाला असतो, हे कुठल्याच देशाला चुकलेलं नाही.

आपल्याकडच्या हॉस्टेलांत सिनियर शिकवतात ते पेपरच्या आदल्या रात्री. खोलीत पंधरा जण, एम-थ्रीची, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरची, केटी (राहिलेला विषय) असलेले तीन, आणि मध्ये बसलेला सिनियर 'हे आयएमपी, हे सोड' म्हणत झेरॉक्सवर खुणा करतोय. त्यानं अनेकांची वर्षं वाचली आहेत, त्याला नावं ठेवणार नाही. पण तो शिकवतोच, आणि तेही क्लासच्या सरांसारखं. पुढल्या सेमिस्टरला तीच मुलं पुन्हा त्याच खोलीत.

एसआय इथे रीतसर सुरू करायचं तर पहिली अडचण हजेरीची येईल. एसआयमध्ये कोण आलं याची नोंद होते, पण ती कार्यालयात राहते. अंतिम गुण लागेपर्यंत प्राध्यापकाला कळू देत नाहीत, म्हणजे न येणाऱ्यावर राग नको आणि येणाऱ्यावर मेहेरबानी नको. आपल्या महाविद्यालयांत पंचाहत्तर टक्के हजेरीचा धाक आणि इंटर्नलचे गुण सरांच्या हातात. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी 'याला पाच मार्क ठेवू या, म्हणजे मुलं येतील' असं सुचवेल, आणि वर्ग भरेलही.