चौथें ऋण

सोलापूरचा वैशाख ज्यानें एकदां अनुभवला आहे, त्यास पाण्याचें मोल निराळें सांगावें लागत नाहीं. भर दुपारीं रस्ते ओस पडतात, डांबर पायांखालीं मऊ लागतें, आणि अशा वेळीं एखाद्या निंबाच्या सावलींत ओल्या तरटानें गुंडाळलेला रांजण दिसला म्हणजे वाटसरूच्या जिवांत जीव येतो. पाणपोईवरील मनुष्य पुढें आलेल्या ओंजळींत पाणी ओततो. पिणारा कोण, कोठला, कोणत्या कामास निघाला, याची तो चौकशी करीत नाहीं. पिणाराही तोंड पुसून चालूं लागतो. दोघांची पुन्हां गांठ पडण्याचा संभव जवळजवळ नसतोच. या देण्याघेण्याचा जमाखर्च कोणत्या वहींत लिहिला जात असेल, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षें पडत असे. त्यास कारण झालेली गोष्ट अशी.

सन १९७५ मध्यें मी सोलापुरास शिक्षणासाठीं आप्तांकडे राहत होतों. वय सोळा. वडील बार्शीस अत्यवस्थ असल्याची तार आली आणि मी एकटाच निघालों. कुर्डुवाडीस मोठ्या गाडींतून उतरून बार्शी लाइटची लहान गाडी धरावयाची असे. तिकिटासाठीं खिशांत हात घातला, तों पैशांचें पाकीट नाहीं! गाडी सुटण्याच्या बेतांत होती. मी खिडकीजवळ नुसता उभा राहिलों. रडूं येत होतें, पण लाजेनें रडतांही येईना. मागें चादरींचा गठ्ठा घेऊन एक विणकर उभा होता. त्याच्या मराठींत तेलुगूची छटा होती. त्यानें एकच प्रश्न विचारला, "कुठं जायचं?" आणि माझें तिकीट काढून हातावर ठेवलें.

गाडींत बसल्यावर त्यानें फडकें सोडून भाकरी व शेंगांची चटणी पुढें केली. घरच्या सोवळ्याओंवळ्याच्या संवयीनें माझा हात क्षणभर अडखळला, हें आज कबूल करतांना संकोच वाटतो. त्यानें तें पाहिलें असावें. पण तो कांहीं बोलला नाहीं, नुसता हंसला. मीं भाकरी खाल्ली. बार्शी आली तेव्हां मी म्हणालों, "काका, आपलें नांव आणि पत्ता सांगा. पैसे मनीऑर्डरीनें पाठवितों."

"जा रे पोरा, मी काय सावकार आहे? घरी जा लवकर."

मी घरीं पोहोंचलों तेव्हां वडील शुद्धीवर होते. त्यांनीं मला ओळखलें, पाठीवरून हात फिरविला. दुसऱ्या दिवशीं पहांटे ते गेले. ती गाडी चुकली असती, तर तो हात माझ्या पाठीवरून फिरला नसता. त्या तिकिटाची किंमत थोड्या पैशांची होती. मला मात्र ती आजतागायत मोजतां आलेली नाहीं.

पुढें संस्कृताचें अध्ययन करतांना ऋणांचा विचार वाचनांत आला. मनुष्य जन्मतःच ऋणी असतो, असें तैत्तिरीय संहिता सांगते. देवांचें ऋण यज्ञानें, ऋषींचें ब्रह्मचर्यानें व पितरांचें प्रजेनें फिटतें. हीं तीन ऋणें आपल्या घरोघरीं ठाऊक आहेत. परंतु शतपथ ब्राह्मणांत यांच्या जोडीस चौथें ऋण सांगितलें आहे, तें मनुष्यांचें. आणि तें अन्न व आश्रय देऊन फेडावें, असा त्याचा भाव आहे. तें स्थळ वाचतांना मला कुर्डुवाडीचें स्टेशन आठवलें. हें ऋण एका मनुष्याचें नव्हे, मनुष्यमात्राचें आहे. तेव्हां त्या विणकराचा पत्ता मिळाला नाहीं म्हणून कांहीं अडत नाहीं. जो प्रथम दारीं येईल तोच धनको समजावा.

परंतु वाचणें निराळें आणि वागणें निराळें. सन १९८६ च्या श्रावणांत एके रात्रीं पावसाची झड लागली असतां आमच्या दारावर थाप पडली. बाहेर एक गृहस्थ, त्याची स्त्री व कडेवर मूल. शेवटची मोटार चुकली होती. सकाळपर्यंत ओटीवर पडूं द्यावें, एवढेंच त्यांचें म्हणणें. त्या दिवसांत चोऱ्यांच्या वार्ता कानांवर येत होत्या. मीं दार अर्धवट उघडून "स्टँडवर जा" असें सांगितलें आणि कडी लावली. माझी आई आंत माळ ओढीत बसली होती. ती शांतपणें म्हणाली, "बाळ, कुर्डुवाडीच्या त्या माणसानें तुला विचारलें होतें का रे, तूं चोर कीं साव म्हणून?"

मी कंदील घेऊन धांवत बाहेर गेलों, चौकापर्यंत गेलों. रस्त्यावर पाण्यावांचून कांहीं नव्हतें. सावधपणा हा दोष नव्हे, हें मी जाणतों. परंतु त्या रात्रीं माझ्या ठिकाणीं सावधपणापेक्षां आळस व भीतिच अधिक होती.

सात वर्षांनीं, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, गणपतिविसर्जन आटोपून लोक नुकते झोंपले असतां किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या घरांतील मांडणीवरचीं भांडीं खडखडलीं. लातूर व धाराशिव (तेव्हांचा उस्मानाबाद) जिल्ह्यांतील दगडमातीचीं घरें निजलेल्या माणसांवर कोसळलीं. सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. जखमींना उपचारासाठीं सोलापुरास आणूं लागले. आमच्या घरीं आईनें सुनांना हांक मारली, पिठाचा डबा पुढें ओढला आणि भाकऱ्या थापावयास बसली. कोणाच्या मुखीं जाणार, हा प्रश्न त्या दिवशीं स्वयंपाकघरांत कोणींच काढला नाहीं. मी भाकऱ्या घेऊन रुग्णालयांत गेलों. हात बांधलेल्या एका म्हाताऱ्यास घांस भरवीत असतां त्यानें विचारलें, "देवा, तुमचं नाव काय?" मला नांव सांगवेना. ज्याचें घरदार गेलें, त्याच्या शिरावर माझ्या नांवाचें ओझें कशाला ठेवावें? मी पुढच्या खाटेकडे वळलों. विणकरानें पत्ता कां दिला नाहीं, हें त्या क्षणीं मला समजलें.

आमच्या या गांवाला हा धर्म नवा नाहीं. बाराव्या शतकांत शिवयोगी सिद्धरामेश्वरांनीं येथें तलाव खोदविला. त्याचें पाणी पिणारे बहुतेक लोक तेव्हां जन्मलेलेही नव्हते. याच सोलापुरांत १९१० मध्यें जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्यें पांच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकांतून चीनला गेले. ज्यांची भाषा ठाऊक नव्हती अशा घायाळांची त्यांनीं सेवा केली, पुढें त्यांची भाषाही शिकले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षीं, तिकडेच देह ठेविला. एवढें थोर कार्य आपणां सर्वांच्या हातून होणार नाहीं. परंतु रांजणांतील पाणी आणि कोटणिसांची शुश्रूषा यांत फरक प्रमाणाचा आहे, जातीचा नाहीं.

आपल्या एकत्र कुटुंबांत मुलें उपदेशानें शिकत नाहींत, वडीलधाऱ्यांच्या हाताकडे पाहून शिकतात. म्हणून वाचकहो, येत्या चैत्रांत आपल्या दाराशीं एक रांजण ठेवा, आणि तो भरण्याचें काम घरांतील सर्वांत धाकट्या मुलाकडे द्या. पाणी पिणारास नांव विचारूं नको, एवढेंच त्यास सांगून ठेवा.

आमच्या दारीं रांजण आहे. रात्रीं पाऊस लागला म्हणजे ओटीवरचा दिवा मी अजूनही मालवीत नाहीं. त्या तिघांपैकीं कोणी परत येईल, अशी आशा नाहीं. दुसरें कोणी तरी येईलच.