आधी बोंड फोडा, मग पंप उचला

यवतमाळ जिल्ह्यातला नेर तालुका कपाशीचा. 2017 मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे जीव गेले. ‘उगाच फवारू नका’ हे भाषणातून पटत नाही. शेजाऱ्याने पंप काढला की आपलाही जीव वरखाली होतो. म्हणून मला शेतीशाळा मोलाची वाटते. 1989 मध्ये इंडोनेशियात भातासाठी सुरू झालेली ही पद्धत. वर्ग बांधावर, पुस्तक म्हणजे पीक. कपाशीच्या शेतीशाळेत शेतकरी 20 हिरवी बोंडं तोडून स्वतः फोडतो. गुलाबी बोंडअळी आत शिरली की छिद्र बुजतं. बाहेरून बोंड धडधाकट दिसतं. 2 बोंडांत जिवंत अळी सापडली, तरच फवारणी. मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यातले पतंगही तोच मोजतो: एका सापळ्यात सलग 3 रात्री 8-8 आले, तर धोका.