आधी सुटे वास, मग उटणे

दिवाळी जवळ आली की उटण्याच्या पुड्या किराणा दुकानांच्या दारात माळेसारख्या लटकू लागतात. पुडी स्वस्त असते, फोडताक्षणी दरवळते, आणि नरकचतुर्दशीच्या तोंडावर कुणाला काही कुटत-चाळत बसावे लागत नाही. तरीही मुलांच्या सुट्टीतली एक दुपार घरी उटणे करण्यात घालवावी, असे मी आग्रहाने म्हणेन. घरचे उटणे बाजारच्यापेक्षा सरस असते, हे त्याचे कारण नाही. पुष्कळदा ते नसतेच. परंपरा टिकावी, हेही नाही. पुडीतून मुलाला तयार सुवास मिळतो, पण तो कशाकशाचा बनला आहे हे कळायला दुसरी वाट नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप स्मृतीचा येईल. वास आणि आठवण यांचे नाते पक्के आहे, मग पुडीनेही दिवाळी लक्षात राहीलच की! राहील, नक्कीच. नाकाकडून निघालेला संदेश मेंदूतल्या भावना आणि स्मृतीच्या केंद्रांपर्यंत इतर संवेदनांपेक्षा जवळच्या वाटेने पोचतो. स्वीडनमधल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वृद्धांना वास देऊन आठवणी विचारल्या, तेव्हा त्यांतल्या बऱ्याचशा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या निघाल्या. शब्द किंवा चित्रे दाखवल्यावर आलेल्या आठवणी त्यानंतरच्या वयातल्या होत्या. म्हणजे लहानपणीच्या वासांना मोल आहे खरे, पण मेंदू त्यात घरचे आणि दुकानचे असा भेद करत नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत मोती साबणाचा वास म्हणजेच दिवाळी. आठवणीच्या मुद्द्यावर पुडी हरत नाही, हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

पुडी हरते ती ओळखीच्या मुद्द्यावर. डेव्हिड लेंग आणि जी. डब्ल्यू. फ्रान्सिस यांनी १९८९ साली दाखवून दिले, की अनेक वास एकत्र केले तर माणसाला त्यांतले फार तर तीन-चार वेगळे ओळखता येतात. पुढच्या प्रयोगांत सुगंधाच्या व्यवसायातली तरबेज माणसेही फारशी पुढे गेली नाहीत. उटण्यात तर सात-आठ जिन्नस असतात. मूल पुडी कितीही वेळा हुंगो, त्यातला वाळा त्याला सापडणार नाही. म्हणून जिन्नस आधी सुटे हाताळायचे. वाळ्याची मुळे कोरडी असताना जेमतेम वास देतात. पाणी शिंपडले की तोच वास खोलीभर होतो. नागरमोथा म्हणजे लव्हाळ्याच्या जातीतला कंद. शेतकरी ज्या लव्हाळ्याला तण म्हणून वैतागतो, त्याच्या भाईबंदाच्या गाठी कुटल्या की ओल्या मातीची आणि लाकडाची मिळून एक आठवण येते. ओल्या आंबेहळदीचा तुकडा मोडला की थेट कैरी! कपूरकचरी हिमालयातली, आपल्या सोनटक्क्याच्या कुळातली. गुलाबाच्या पाकळ्या वाळताना आपला बराच वास गमावतात, आणि हे निरीक्षण मुलांना रोज नाक लावूनच करता येते. संत्र्याची साल दुमडली की तिच्यातले तेल बारीक तुषारांनी उडते. साल सावलीत वाळत घातली, तर दिवाळीपर्यंत कडक होते.

नाक तयार करून उपयोग काय, असे विचारणाऱ्यांनी स्वयंपाकघरात डोकावावे. तेल खवट झाले, पीठ कुबट झाले, हे आधी नाकच सांगते. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळतात. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती भाषा. आसिफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी २०१४ साली मलेशियाच्या जंगलातल्या जहाय लोकांचा अभ्यास मांडला. ही माणसे वासांना रंगांइतक्याच सहज नावे देतात, इंग्रजी बोलणारे मात्र दालचिनीच्या वासापाशीही चाचपडतात. मराठी याबाबतीत गरीब नाही. खमंग, खरपूस, करपट, आंबूस, उग्र, कुबट, खवट हे शब्द आपल्याकडे आहेत. मात्र त्यांतले बहुतेक अन्नाचे किंवा बिघाडाचे. सुगंधापाशी आलो की आपण ‘छान वास’ म्हणून थांबतो. नागरमोथा आणि वाळा शेजारी ठेवून फरक सांगायचा ठरला, की शब्द शोधावाच लागतो.

सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ‘वनस्पती म्हणजे निर्धोक’ हा समज चुकीचाच आहे. काही पाककृतींत बावची असते. तिच्यातल्या द्रव्यामुळे कातडी उन्हाला हळवी होऊन भाजल्यासारखी होऊ शकते, म्हणून मुलांच्या उटण्यात ती नकोच. कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येऊ शकतात. तो मुलांच्या हाताशी ठेवूच नये. सुगंधी तेलांच्या बाटल्याही तशाच. दळण-चाळण मोठ्यांनी करावे, कारण बारीक पूड नाकात जाते. दमा असलेल्या मुलाला तेवढ्या वेळापुरते दुसऱ्या खोलीत बसवावे. तयार उटणे आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघावे. एवढी काळजी पुडीच्या उटण्यालाही लागते. फक्त तिथे आत काय आहे हे पाठीवरच्या बारीक अक्षरांत शोधावे लागते.

वेळेची अडचण खरी, पण सोपी. काष्ठौषधींच्या दुकानात बहुतेक जिन्नस तयार पूड करूनही मिळतात. प्रत्येकाचा एखादा अख्खा तुकडा तेवढा हुंगण्यासाठी मागून घ्यावा. वाटीभर मसुरीच्या पिठात प्रत्येक पूड दोन चमचे, आणि दर चमच्यानंतर थांबून वास घ्यायचा. कुठल्या चमच्याला वाळा हरवला, हे मुलांनीच सांगायचे. उरलेले जिन्नस छोट्या बरण्यांत भरून ठेवावेत आणि चिठ्ठ्या मुलांना लिहू द्याव्यात. नागरमोथ्याच्या बरणीवर कुणी ‘पावसातले लाकूड’ असे लिहिले, तर ते खोडू नये. शेजारी खरे नाव लिहावे.