लिलावाच्या जाहिरातीआधी

मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवर बारीक टाइपात ‘ताबा सूचना’ येतात. कर्जदार, जामीनदार, फ्लॅटचा क्रमांक, चतुःसीमा, पैशापर्यंत मोजलेली थकबाकी, आणि या मिळकतीचा व्यवहार कोणी करू नये असा इशारा. हे छापून आले की मग वकिलाची शोधाशोध सुरू होते. पण बँकांना न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या २००२च्या सरफेसी कायद्यात कर्जदाराच्या खऱ्या उपयोगाचे जे आहे, त्यातले बरेचसे तोवर हातचे गेलेले असते.

हप्ता ९० दिवस थकला की खाते एनपीए (अनुत्पादक) ठरते आणि मग कलम १३(२)ची ६० दिवसांची नोटीस येते. मोलाचे आहेत ते नोटिशीआधीचे दिवस. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांच्या हप्त्यांचे गणित कोलमडले; त्यानंतर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३मध्ये मुदत वाढवण्याचा, हप्ता वाढवण्याचा किंवा स्थिर दर घेण्याचा पर्याय देण्यास बँकांना सांगितले. वैयक्तिक गृहकर्ज बदलत्या दराचे असेल तर ते मुदतीआधी फेडताना दंड नाही, म्हणून कमी दराच्या बँकेकडेही जाता येते. मात्र खाते नियमित असेपर्यंतच. तेही जमत नसेल तर घर आपणच विकावे. ‘सांगणे सोपे आहे’ हा आक्षेप रास्तच आहे. पण समजा, फ्लॅट ६० लाखांचा आणि बाकी ३५ लाखांची आहे. खरेदीदाराची बँक ती बाकी परस्पर चुकती करते, उरलेले पैसे कुटुंबाचे. लिलावात ‘जे आहे जसे आहे’ म्हणून बोली खाली येते, वर व्याज आणि वसुलीचा खर्च. नोटीस आल्यावर मात्र विक्रीला बँकेची लेखी संमती लागते.

‘बँक ऐकतच नाही’, असे म्हणतात. मार्डिया केमिकल्स खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने नोटिशीवरच्या कर्जदाराच्या आक्षेपांचा विचार करणे बँकांवर बंधनकारक केले. आता १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. तेव्हा अर्जात दयेची याचना कशाला? हिशेबातली चूक दाखवावी, भरण्याचे वेळापत्रक द्यावे. बाकी मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी असेल, तर हा कायदाच लागू होत नाही, हेही लिहावे. ताब्याच्या कारवाईनंतर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते, पण स्थगितीसाठी बहुधा काही रक्कम भरावीच लागते. एकरकमी तडजोड हा तर हक्कच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये स्पष्ट केले. बाफना मोटर्सच्या प्रकरणात लिलावाची बोली १०५ कोटींची होती, कर्जदार १२९ कोटी भरायला तयार होता. तरीही २०२३मध्ये निकाल त्याच्या विरोधात गेला, कारण कर्ज फेडून मिळकत सोडवण्याचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होताच संपतो. तो व्यापारी व्यवहार होता, पण दोन खोल्यांच्या फ्लॅटलाही नियम तोच. म्हणून दुसरा हप्ता चुकण्याची चिन्हे दिसताच शाखेत जा, खात्याचा उतारा मागा आणि प्रत्येक अर्जाची पोच घ्या.